शिशाचे शिपाई आणि घराची वाटणी

या सदरांत आजवर अडकित्ते, दौती, गंजिफांचे पत्ते आणि आजीबाईंच्या फणीकरंड्यांच्या पेट्या यांविषयीं लिहिलें. या खेपेस विषय शोधण्याचे श्रम जळगांवच्या एका वाचक भगिनींनीं वांचविले आहेत. त्या लिहितात : "आमचा जुना वाडा पाडून तेथें सदनिका व्हावयाच्या आहेत. माळा रिकामा करतांना मामंजींच्या लहानपणची एक पेटी निघाली. तींत शिशाचे एकोणीस शिपाई आहेत. कांहीं घोड्यावरचे, कांहीं पायदळाचे. दोघे दीर म्हणतात, वडिलांची आठवण आहे, सारखी वाटून घ्यावी. मुलगा म्हणतो, परदेशांत यांस बरी किंमत येते, विकून पैसे वाटावे. जाऊबाई म्हणतात, शिसें विषारी. लेकरांच्या हातीं लागण्यापूर्वीं मोडींत घालावें. मला तर कांहींच सुचत नाहीं. आपण काय सांगतां?"

प्रश्न वरवर पाहतां खेळण्यांचा आहे. पण ज्यांचा जन्म एकत्र कुटुंबांत गेला, त्यांस त्यांतील अडचण तत्काळ उमजेल. घर वाटतां येतें, भांडीं वाटतां येतात, सोनें तर गुंजेगुंजेनें वाटतां येतें. आठवण कशी वाटावी याचें गणित मात्र कोणत्याहि पंतोजीनें शिकविलेलें नाहीं. या बाबतींत आमच्या घरानें एकदां चूक केली, आणि ती दुरुस्त करण्यांत माझीं तीस वर्षें गेलीं. म्हणून हें उत्तर थोडें लांबणार आहे. भगिनींनीं क्षमा करावी.

प्रथम या शिपायांचें कुळ-गोत्र सांगतों. अठराव्या शतकांत जर्मनींतील न्यूरेंबर्गचे कारागीर कथलाचे चपटे शिपाई ओतीत असत. पुढें भरीव शिपाई आले. ते जड आणि महाग. १८९३ सालीं लंडनच्या विल्यम ब्रिटन यांनीं त्यावर एक युक्ति काढली. शिशांत थोडें कथील व अँटिमनी मिसळून तो रस सांच्यांत ओतावयाचा, आणि सांच्याला लागलेला थर निवतांच आंतील पातळ रस झटकन् बाहेर ओतून टाकावयाचा. राहते ती केवळ शिपायाची साल. वजन हलकें, धातु थोडी, किंमत बेताची. तेव्हांपासून ही सेना जगभर पसरली. सामान्यतः शिपायाची उंची ५४ मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांहून किंचित् अधिक. घोडेस्वार पांच, पायदळाचे आठ आणि पायदळाचा बँड असेल तर बारा, अशा बेतानें ते लाल कागद लावलेल्या पुठ्ठ्याच्या पेटींत दोऱ्यानें बांधून येत. हाताळल्यावर शिसें विषारी ही गोष्ट पुढें लोकांच्या ध्यानीं आली, आणि १९६६ सालीं त्या कारखान्यानें शिशाचे शिपाई करणें थांबविलें.

या सेनेनें मोठमोठ्यांना वेड लाविलें. विन्स्टन चर्चिल यांच्यापाशीं लहानपणीं सुमारें पंधराशें शिपाई होते, असें त्यांनींच १९३० सालच्या आपल्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे. एच्. जी. वेल्स यांनीं तर अशा शिपायांनीं खेळावयाच्या लढायांचे नियम सांगणारें पुस्तक १९१३ सालीं प्रसिद्ध केलें. आपल्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. याच लंडनच्या कारखान्यानें हिंदी पलटणींचेहि शिपाई केले. त्यांत बॉम्बे लान्सर्स नांवाचे फेटेवाले भालाईत होते आणि बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीचें पायदळ होतें. म्हणजे आमच्याच इलाख्यांतील माणसें, आमच्याच फेट्यांत, लंडनला ओतलीं जाऊन परत आमच्याच मुलांच्या हातीं विकलीं जात होतीं. खानदेशाला यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. १८१८ सालीं हा मुलूख इंग्रजांच्या हातीं गेला, आणि १८२५ सालीं औट्रम साहेबानें येथल्याच भिल्लांची पलटण उभारून धरणगांवीं तिचें ठाणें केलें. आमचा मुलूख आमच्याच माणसांकडून राखविण्याचा हा खेळ शिशाच्या शिपायांहून बराच जुना आहे.

आतां आमच्या घराची गोष्ट. आजोबा धुळ्यास वकील होते. १९११ च्या डिसेंबरांत पंचम जॉर्ज बादशहा मुंबईस उतरले, तेव्हां तो समारंभ पाहण्यास तेहि गेले. आणि परत येतांना कोटांतील एका दुकानांतून थोरल्या मुलासाठीं तीन पेट्या घेऊन आले. पांच घोडेस्वार, आठ पायदळाचे शिपाई आणि बारा जणांचा बँड, मिळून पंचवीस. आजीनें त्या दिवशीं म्हणे विचारिलें कीं, एवढ्या पैशांत मुलाला दोन सदरे झाले नसते का? आजोबा कांहीं बोलले नाहींत.

पुढें हीं खेळणीं एका मुलाचीं न राहतां चारहि मुलांचीं झालीं, आणि चैत्र महिन्यांत तर साऱ्या घराचीं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे पायऱ्यांची आरास असे. वर गौर, खालीं कलिंगडाचीं कमळें, सावंतवाडीचीं लांकडी फळें, मातीच्या बाहुल्या. आणि सर्वांत खालच्या पायरीवर हा बँड ओळीनें मांडलेला. आंब्याची डाळ व पन्हें घेण्यास येणाऱ्या बायका प्रथम गौरीला नमस्कार करीत आणि मग बँड पाहून हंसत. १९३६ सालीं फैजपूरला काँग्रेस भरली, तेव्हां थोरले काका स्वयंसेवक म्हणून गेले. परत आल्यावर त्यांनीं, विलायती शिपाई गौरीपुढें शोभत नाहींत, असा मुद्दा काढिला. दोन वर्षें पेट्या माळ्यावर गेल्या. तिसऱ्या वर्षीं आजीनेंच त्या खालीं काढविल्या. तिचें म्हणणें असें कीं, पंचवीस वर्षें गौरीचें मीठ खाल्लें, आतां ते विलायती कसले!

१९५९ सालीं आजोबा वारले आणि वाटण्या झाल्या. मी तेव्हां अकरा वर्षांचा होतों. ओसरीवर सतरंजी घालून चौघे भाऊ बसले होते. कोणी आवाज चढविला नाहीं, कोणी कोणास उणेंदुणें बोललें नाहीं. भांड्यांच्या पाठोपाठ शिपाई निघाले. न्याय म्हणजे न्याय! बँडचे बारा, प्रत्येकीं तीन. पायदळाचे आठ, प्रत्येकीं दोन. घोडेस्वार पांच, म्हणून प्रत्येकीं एक. आणि उरला एक. तो थोरल्या काकांकडे ज्येष्ठांश म्हणून गेला. पेट्या रिकाम्या झाल्या तशा बंबांत घातल्या. एका तासांत ती पलटण मोडली, आणि ती मोडली असें त्या दिवशीं कोणाच्याच मनांत आलें नाहीं. सर्वांना आपापला वांटा पोंचला होता.

आमच्या खानदेशाला वाटणी नवी नव्हे. १९०६ सालीं सबंध जिल्ह्याचे दोन भाग होऊन पूर्वेचें ठाणें जळगांव व पश्चिमेचें धुळें झालें. आणि आमच्या घरासारख्या कित्येक घरांच्या शाखा या दोन गांवांत विभागल्या. थोरले काका व धाकटे काका धुळ्यास राहिले, मधले अमळनेरास गेले, आणि माझे वडील नोकरीनिमित्त जळगांवीं आले. आमच्या तीन बँडवाल्यांत एक झांजवाला होता. झांज वाजली तरी ढोल धुळ्याला आणि कर्णा अमळनेराला! तो झांजवाला माझ्या अभ्यासाच्या टेबलावर वीस वर्षें एकटा उभा होता.

१९८० च्या सुमारास मला ती पलटण पुन्हा जमविण्याचें वेड लागलें. थोरल्या काकांचे चिरंजीव उदार. त्यांनीं सातहि शिपाई रुमालांत बांधून दिले. अमळनेरास सहांपैकीं तीनच हातीं लागले. एक तापी-बोरीच्या संगमाकडे मासे धरणाऱ्या कोणा दोस्ताच्या गळाला वजन म्हणून बांधला गेला होता. उरलेले दोन लांकडी डब्यांत कोंदट जागीं राहिल्यानें पांढऱ्या भुकटीचे झाले होते. हात लावतांच घोड्याचा पाय गळून पडला. लांकडांतून व पुठ्ठ्यांतून आम्ल वाफ सुटते आणि ती शिशाला आंतून खाते, हें मला पुढें कळलें. आणि दुसऱ्यांस काय दोष द्यावा? मीं स्वतः उत्साहाच्या भरांत थोरल्या काकांकडच्या एका स्वाराला, देव उजळावे तसें, चिंच लावून घांसलें. चिंचेनें तांबें-पितळ उजळतें. त्या स्वाराचा मात्र सत्तर वर्षांचा रंग माझ्या बोटांवर उतरला. आज तो माझ्या संग्रहांत करड्या अंगानें, नाकडोळ्यांवांचून बसला आहे. त्याला काढून टाकावें असें मला वाटत नाहीं; मला शहाणपण शिकविण्याचें काम त्यानें चोख केलें आहे.

राहिली धाकट्या काकांची वाटणी. काका निवर्तले होते. सहांपैकीं पांच शिपाई घर बदलतांना मोडवाल्याकडे वजनावर गेले होते. एक शिल्लक होता, तो ढोलवाला. एरंडोल, पारोळा, मुकटी या वाटेनें जळगांवाहून धुळें सुमारें शंभर किलोमीटर. तेवढा प्रवास मीं केवळ त्या ढोलासाठीं तीन वेळां केला. पहिल्या दोन खेपांस विषय काढण्याचा धीर झाला नाहीं. तिसऱ्या खेपेस चैत्र होता. काकूंकडे लहानशी दोन पायऱ्यांची आरास होती आणि गौरीच्या अगदीं पायाशीं तो ढोलवाला उभा होता. त्याची बैठक तुटलेली, मेणाचा गोळा लावून सांवरलेली. मीं माझी सारी हकीकत सांगितली. इतके जमले, इतके गेले, आतां ढोल आला कीं बँडला बँडपण येईल, असें बोलून गेलों. मोबदला म्हणून कांहीं देऊं केलें, हें लिहावयास आजहि लाज वाटते.

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे, याची बैठक कोणीं मोडली ठाऊक आहे का तुला? तापांत होता, तेव्हां हातांत हाच धरून निजायचा. पहांटे खालीं पडला, तेव्हां मोडली."

त्यांचा मुलगा विषमज्वरानें गेला, हें मला ठाऊक होतें. आम्ही बरोबरीचे. वाटणीच्या दिवशीं आम्ही दोघे ओसरीच्या कडेला बसून आपापल्या वडिलांच्या वांट्याला काय येतें तें पाहत होतों. आणि ढोलवाला त्याच्याकडे गेला म्हणून मी रुसलों होतों. हें सारें मला त्या क्षणीं आठवलें.

"तुझा बँड पुरा होईल रे बाळ," काकू म्हणाल्या, "पण माझी गौर अपुरी राहील. तूंच सांग, काय करूं?"

मीं काय सांगणार? आंब्याची डाळ खाल्ली, नमस्कार केला आणि परत आलों. त्या रात्रीं वहींत लिहिलें : "ढोलवाला. धुळें, धाकट्या काकूंकडे. बैठक तुटलेली, कारण त्यांना ठाऊक आहे, मलाहि." काकूंना जाऊन आतां तीस वर्षांवर झालीं. त्यांची लेक अजून तो दर चैत्रांत गौरीपुढें मांडते, आणि मी हळदीकुंकवाचा पाहुणा नसतांहि डाळ-पन्ह्याच्या निमित्तानें जाऊन त्याला पाहून येतों. माझ्या कपाटांत सोळा शिपाई आहेत. वहींत मात्र पंचवीस आहेत. कोणता कोठें आहे, कोणता कसा गेला, कोणत्या हातांनीं त्याला खेळविलें, एवढें त्यांत आहे. संग्रह पुरा कशानें होतो तें मला त्या वहीनें शिकविलें.

धुळ्यास हा धडा दुसरीकडे शोधावयास नको. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशीं धुळ्यासच निवर्तले, आणि १९२७ सालीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें स्थापन झालें. त्यांनीं उभ्या महाराष्ट्रांत गांवोगांव फिरून लोकांच्या माळ्यांवरचीं, वाळवीला अर्पण होणारीं दप्तरें हुडकलीं, आणि 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या नांवाचे बावीस खंड त्यांतून निघाले. ज्या कागदाला घरची माणसें रद्दी समजत, त्याला त्यांनीं साक्षीदार मानिलें. पण साक्षीदाराला नांव-गांव लागतें. कागद कोणाच्या घरचा, कोणत्या दप्तरांतला, हें कळलें तरच त्याची साक्ष उभी राहते. शिशाच्या शिपायाचें तरी निराळें काय आहे? बाजारांत त्याची किंमत रंग आणि पेटी यांवर ठरते. घरांत ती ठरते त्याच्याबरोबर आलेल्या चार वाक्यांवर, आणि हीं वाक्यें माणसांबरोबर जातात.

पुण्याचें राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलें नसेल असें घर आपल्या वाचकांत क्वचितच असेल. दिनकरराव केळकरांनीं, म्हणजे 'अज्ञातवासी' कवींनीं, दिवे, अडकित्ते, वाद्यें, खेळणीं अशा घरगुती वस्तु आयुष्यभर जमविल्या, आणि १९७५ सालीं तो अमोल संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. त्याच्या नांवांतील 'राजा' हा त्यांचा अल्पवयांत गेलेला मुलगा. हजारों वस्तूंच्या त्या दालनांतून फिरतांना मला धुळ्याची ती तुटक्या बैठकीची दोन इंची मूर्ति आठवली. कोणी मुलाच्या नांवें संग्रहालय उभारतो, कोणी एकच शिपाई गौरीपाशीं ठेवतो. दोहोंत लहानमोठें ठरविण्याचा अधिकार मला वाटत नाहीं.

आतां भगिनींच्या प्रश्नाकडे वळूं.

जाऊबाईंचें म्हणणें अर्धें खरें आहे. शिसें विषारी आहे. लहान मुलाच्या तोंडीं हा शिपाई कदापि जाऊं देऊं नये, आणि हाताळल्यावर मोठ्यांनींहि हात साबणानें धुवावे. पण विषारी म्हणून मोडींत घालण्याचें कारण नाहीं. औषधाची बाटलीहि आपण उंचावर ठेवतोंच. शिपायांस पाणी, साबण, चिंच, लिंबू, राख यांपैकीं कांहीं लावूं नये. मऊ कोरड्या कुंचल्यानें धूळ झाडावी. रंग उडाला असला तरी नवा देऊं नये. लांकडी पेटी व साधा पुठ्ठा टाळून पत्र्याच्या, थोडा वारा खेळेल अशा डब्यांत आम्लरहित कागदांत वेगवेगळे ठेवावे. मूळची लाल पेटी असेल तर ती फेंकूं नये, निराळी जपावी. कोणावर पांढरी भुकटी दिसली तर त्याला इतरांपासून दूर करावें, ती भुकटी फुंकूं नये, ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी. बैठकीखालीं किंवा घोड्याच्या पोटाखालीं कारखान्याचें नांव व कधीं कधीं साल आढळेल. तें साल नमुना प्रथम केल्याचें असतें, शिपाई विकत घेतल्याचें नव्हे. येथें पुष्कळ लोक फसतात.

चिरंजीवांस सांगावें कीं, विकणें हें पाप नाहीं. साऱ्यांची संमति असेल आणि घराला गरज असेल तर खुशाल विकावे. परंतु त्यापूर्वीं प्रत्येकाचें छायाचित्र घ्यावें, तें काम हल्लीं हातांतल्या यंत्रावर क्षणांत होतें; आणि घरांतील सर्वांत वडील माणसास मध्यें बसवून एकेक शिपाई त्याच्या हातीं द्यावा. तो जें बोलेल तें शब्दशः लिहून घ्यावें. हें काम वाड्याची भिंत पडण्यापूर्वीं झालें पाहिजे. भिंत पडल्यावर माणसांना आठवत नाहीं.

आणि दिरांस माझी हात जोडून विनंति आहे कीं, वाटून घेऊं नका. एकोणीस शिपाई तिघांत वाटतां येत नाहींत हें तर उघड आहे. पण अठरा असते तरी मीं हेंच सांगितलें असतें. आपल्यांत देवांची पाळी असते. घरें वेगळीं झालीं तरी कुळाचे टांक एकाच देव्हाऱ्यांत राहतात, आणि नवरात्र यंदा एका भावाकडे तर पुढील वर्षीं दुसऱ्याकडे असतें. पूर्वजांनीं ही तोड फार विचारानें काढलेली आहे. तीच येथें लावावी. पेटी एक, यादी एक, आणि पाळी वर्षाची. दर चैत्रगौरीला ज्याच्याकडे पाळी त्याच्याकडे सर्वांनीं जमावें आणि तेथून पुढल्याकडे पेटी जावी. सदनिकांत पायऱ्यांना जागा नसते. खिडकीच्या कट्ट्यावर मांडावे. निदान त्या निमित्तानें तिघे भाऊ वर्षांतून एकदां एका ठिकाणीं पन्हें पितील. आमच्या ओसरीवर त्या दिवशीं हें एखाद्यानें सुचविलें असतें तर!

जातां जातां एक सूचना सर्वच वाचकांस. दिवाळींत मुलें अंगणांत किल्ला करतात आणि त्यावर कुंभाराकडचे मातीचे मावळे मांडतात. २०२५ सालीं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांत आमच्या खानदेशाला लागून असलेला बागलाणचा साल्हेरहि आहे, जेथें १६७२ सालीं मराठ्यांनीं उघड्या मैदानांत मोंगलांस चीत केलें. पण त्या मराठ्यांचा मातीचा शिपाई कोणत्या घरांत शंभर वर्षांचा जपलेला आहे? शिशाचा लंडनवाला टिकला, आमचा मावळा तुळशीविवाहापर्यंत विरघळून गेला. यंदा किल्ला मोडतांना एक मावळा उचलून ठेवा. त्याच्या बैठकीखालीं साल लिहा, आणि ज्या मुलानें तो किल्ल्यावर उभा केला त्याचें नांव लिहा.

भगिनींस उत्तर पोंचलें असें समजतों. त्यांच्या यादींतील पहिला शिपाई कोणाचा निघाला, तें त्यांनीं अवश्य कळवावें.